मत्स्याहाराचे पथ्य : बाजारापासून ताटापर्यंत

कोकण किनारपट्टीवर चिकित्सा करणाऱ्या वैद्याला वारंवार विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘मासे चालतील का?’ ‘बंद करा’ हे उत्तर सोपे आहे. परंतु ज्या घरी भात आणि कालवण हेच नित्याचे जेवण, तेथे हे पथ्य फार काळ टिकत नाही. पुष्कळदा पथ्यासोबत औषधही सुटते. म्हणून मासा कोणता, कसा घेतलेला आणि कसा शिजवलेला, एवढे तरी आपण विचारावे, असे आम्हांस वाटते.

चरकाचार्यांनी मत्स्यमांस गुरू, उष्ण, मधुर, स्निग्ध, बल्य, बृंहण व वातघ्न, तसेच बहुदोषकरही सांगितले आहे. कृश, वातप्रधान आणि अग्नी चांगला असलेल्या रुग्णास ते हितकर ठरते; कुष्ठ, शीतपित्त व रक्तपित्तात ते टाळणेच योग्य. मालवणकडे आजारातून उठलेल्या माणसास मुडदुशीचे पातळ कालवण देतात, त्यामागे हाच तारतम्यविचार दिसतो.

खरेदी

ताज्या माशाचे डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल आणि अंग घट्ट असते. बोटाने दाबल्यास खळगा राहत नाही. त्यास समुद्राचा वास येतो, कुजका नव्हे. मासा बर्फात ठेवलेला आहे की उन्हात, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे.

बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन मुबलक असते. मासा उष्ण जागी राहिल्यास जीवाणू त्याचे हिस्टामिन करतात आणि ते शिजवून वा तळूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत चेहरा लाल होणे, कंडू, मंडले, शिरःशूल, अतिसार ही लक्षणे दिसतात. अशा रुग्णास ‘माशांची अॅलर्जी’ असे कायमचे लेबल लावण्यापूर्वी, त्याच ताटातील इतरांनाही त्रास झाला का, हे अवश्य विचारावे. झाला असल्यास दोष बहुधा प्रकृतीचा नसून साठवणीचा असतो. मात्र श्वासकष्ट वा मूर्च्छा असल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

पाकसंस्कार

घरी आणताच कल्ले व आतडी काढून मासा धुवावा आणि लगेच शिजवावा किंवा शीतकपाटात ठेवावा. बांगड्याच्या कालवणात तिरफळ, आमसूल, आले घालण्याची रीत गुरू-स्निग्ध द्रव्यास दीपन-पाचनाची जोड देणारी आहे. मंदाग्नीच्या रुग्णास रवा लावून तळलेल्या तुकडीपेक्षा पातळ कालवण, तेही दुपारी व अल्प मात्रेत, सांगावे. सुके बोंबील व खारवलेला बांगडा यांतील मीठ लक्षात घेता उच्च रक्तदाब, शोथ व वृक्कविकार असलेल्यांना ते वर्ज्य करावेत.

दूध व मासे दोन्ही मधुर आणि महाभिष्यंदी. परंतु दूध शीतवीर्य, मासे उष्णवीर्य. म्हणून चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात हा संयोग विरुद्ध मानून रक्तदुष्टी व मार्गावरोध हे त्याचे परिणाम सांगितले आहेत. सोलकढीत नारळाचा रस असतो, पशुदुग्ध नव्हे. तिला हा नियम लावू नये. औषधविक्रेते बंधूंनीही ‘दुधातून घ्या’ असे सांगून कल्प देताना, ग्राहकाच्या जेवणात मासे कोणत्या वेळी असतात, हे विचारून घ्यावे.

ऋतुविचार

महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रचलित नौकांना मासेमारीबंदी असते. पुष्कळ माशांचा हा प्रजननकाळ. वर्षाऋतूत अग्नी मंद असतो आणि बाजारात बर्फात दीर्घकाळ ठेवलेला माल अधिक येतो. या दिवसांत मासे कमी करा, हा सल्ला रुग्णासही पटतो आणि समुद्रासही मानवतो.

पथ्यपत्रकावर ‘मांसाहार वर्ज्य’ असा शिक्का मारण्याऐवजी माशाचे नाव, कृती, मात्रा व वेळ या चार गोष्टी लिहून देण्याचा प्रघात आपण सर्वांनी पाडावा. जे पथ्य रुग्णाच्या स्वयंपाकघरात पाळता येते, तेच त्याच्या उपयोगी पडते.