कुरटे बेट: जाम नदीकाठच्या माणसांसाठी

सावरगावच्या माणसाला पाणी म्हणजे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळस रोवून पांढुर्ण्याशी गोटमार करायची ती. पण समुद्रातलं कुरटे बेट बघायला मालवणला जायचं तर पोळ्याला नको. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या बंद. दिवाळीनंतर निघा, रेल्वेने कुडाळला उतरा.

मालवणच्या किनाऱ्यासमोर खडकाळ कुरटे बेट आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवरायांनी इथे सिंधुदुर्गाचा पाया घातला; काम १६६७ मध्ये संपलं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. तट सुमारे तीन किलोमीटर, आणि दरवाजा असा वळणात दडवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही!

आत दोन घुमट्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतात. शिवराजेश्वर मंदिर राजारामांनी बांधलं. मूर्ती बिनदाढीची, वीरासनात बसलेली. मला मात्र विहिरींचं नवल जास्त: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी, आणि यांचं गोड.

१७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं. ते कुणाच्याच तोंडी राहिलं नाही.