वाण नाही, पण गुण लागला

सिलिकॉनच्या चकतीवर ग्रॅफाइट लागलेली चिकटपट्टी दाबून उचलली की मायक्रोस्कोपखाली जांभळ्या पार्श्वभूमीवर शेकडो तुकडे दिसतात. पिवळे, निळे चमकणारे असतात ते जाड ग्रॅफाइटचे, बिनकामाचे. नजर शोधत असते ती जांभळ्यातच किंचित गडद पडलेली सावली. ते ग्रॅफिन, म्हणजे ग्रॅफाइटचा एखाद-दुसऱ्या अणूइतका पातळ थर. गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी 2004 साली मँचेस्टरमध्ये ते असेच चिकटपट्टीने वेगळे केले. आमची सुरुवात आजही तिथूनच होते. नजर बसली की एकेरी थर कुठला आणि दुहेरी कुठला, हे रंगावरूनच कळते. मला दुहेरी हवा असतो.

ग्रॅफिनमधल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या दोन दऱ्या असतात. दोन्हींत गर्दी सारखीच, त्यामुळे कोण कुठल्या दरीतला हे ओळखू येत नाही. ओळखता आले तर दरीवरच माहिती साठवता येईल. एक उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन दरीशी बांधणे. पण कार्बनचा अणुक्रमांक अवघा 6. इतक्या हलक्या अणूत स्पिन आणि गती यांचे नाते फार दुबळे. टंगस्टनचा 74. म्हणून ग्रॅफिनला टंगस्टन डायसेलेनाइडचा पातळ थर चिकटवायचा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधावा तसे. कार्बन कार्बनच राहतो, पण वर तोंड असलेल्या स्पिनची ऊर्जा एका दरीत थोडी वाढते, दुसरीत थोडी घटते.

कस लागतो तो हा शेजार जमवताना. काचपट्टीवर रबरासारख्या पॉलिमरचा उंचवटा, त्यावर पॉलिकार्बोनेटची फिल्म. तिने आधी बोरॉन नायट्राइड उचलायचे, मग टंगस्टनचा थर, मग ग्रॅफिन. फिल्म चकतीला टेकते तेव्हा टेकल्या जागेची कड भरतीच्या पाण्यासारखी पुढे सरकताना दिसते. चकतीखालचा पाटा हळूहळू तापवत त्या कडेला पुढे न्यायचे. श्वास आपोआप रोखला जातो. घाई झाली की थरांमध्ये बुडबुडा अडकतो आणि तेवढा भाग बाद. गेल्या पावसाळ्यात चार दिवसांची मेहनत अशीच गेली. त्या रात्री कुणी कुणाशी बोलले नाही.

नमुना जमला तर त्याला सोन्याची टोके जोडून द्रव हीलियमच्या थंडीत, उणे 269 अंश सेल्सियसला न्यायचे. नमुन्याच्या वर-खाली असलेल्या विद्युत-पट्ट्यांचे, म्हणजे गेटचे, व्होल्टेज एका बाजूने वाढवले की इलेक्ट्रॉन दुहेरी ग्रॅफिनच्या टंगस्टनलगतच्या थरात ढकलले जातात आणि स्पिन-दरीची गाठ घट्ट बसते. व्होल्टेज उलटे केले की ते लांबच्या थरात जातात, गाठ जवळजवळ सुटते. चुंबक लागत नाही. माझ्या लेखी या कामातले सगळ्यांत मोलाचे ते हेच.

गणिते पुष्कळ आधीच मांडून झालेली असतात. मोजमाप मात्र अडते ते स्वच्छ नमुन्यापाशी. म्हणून बुडबुड्याविना थर जमवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव शोधनिबंधावर पहिले असावे, असे माझे ठाम मत आहे.