हंगामात मालकाला स्पष्ट कसं सांगावं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापूस येऊ लागतो आणि जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये कामाला उसंत राहत नाही. काट्यावरच्या कारकुनाला घरी निघताना निरोप येतो, "अजून तीन गाड्या आल्यात, थांबा." थांबणं शक्य नसतं, तरी तोंडातून "हो सेठ" निघून जातं. नोकरी सांभाळूनही नाही म्हणता येतं. त्याची रीत अशी.

आधी नोंद ठेवा. "काम फार होतंय" एवढ्यानं मालकाला काही कळत नाही. आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, किती गाड्या मोजल्या.

मग वेळ निवडा. गाड्यांची रांग लागलेली असताना किंवा हमालांसमोर हा विषय काढू नका. सकाळी काटा सुरू होण्याआधी दहा मिनिटं मागा. मालक तेलुगू किंवा हिंदी बोलणारा असेल, तर वाक्यं त्याच्या भाषेत आधीच जुळवून ठेवा.

बोलताना आपली मर्यादा, आपली हमी आणि पर्याय, तिन्ही सांगा: "सेठ, सातनंतर मी काट्यावर बसणार नाही. सकाळी नऊला हजर असेन. रात्रीच्या गाड्यांसाठी दुसरा माणूस द्या, त्याला मी काम शिकवतो." मूल आजारी असल्याची खोटी सबब सांगू नका, उद्या दुसरी शोधावी लागते आणि विश्वास जातो.

कारण कामातलंच द्या. थकलेल्या माणसाकडून आकडा चुकतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांवर कापूस घेतला जात नाही. तिथे एका चुकीच्या आकड्याची किंमत शेतकरी मोजतो.

मालक चिडला, तरी आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणा. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर "सकाळी बोलल्याप्रमाणे" असं लिहून ठरलेलं कळवा. रोजंदारीवरच्या बायांना एकटीनं बोलणं अवघड जातं. चौघींनी मिळून जावं.

कायदाही पाठीशी आहे. कारखान्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. जादा कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. लैंगिक त्रास होत असेल, तर मात्र मालकाशी समजुतीनं बोलत बसू नका. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

कामाच्या तासांचं बोलणं हंगामाच्या ऐन गर्दीवर ढकलू नका. कापूस यार्डात यायच्या आधीच मालकासमोर बसा आणि ते ठरवून घ्या.