ऊब नेमकी कशाची?

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदी समुद्राला मिळते. तिथल्या खाडीकाठी फॉइन्स नावाचं एक छोटंसं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोप आणि अमेरिकेला जोडणारा विमानतळ इथे होता. विमानतळ म्हणजे धावपट्टी नव्हे बरं का! ही विमानं पाण्यावर उतरत आणि पाण्यावरूनच उडत. प्रवाशांना होडीत बसून काठावर यावं लागे. वर अटलांटिकचा बोचरा वारा आणि पाऊस. तिकडे पानगळ सुरू झाली की गारठा हाडांत शिरतो.

१९४३च्या हिवाळ्यात असंच एक विमान खराब हवेमुळे अर्ध्या वाटेवरून परत फिरलं. थंडीनं काकडलेले प्रवासी रात्री पुन्हा फॉइन्सला आले. तिथल्या उपाहारगृहाचा मुख्य आचारी जो शेरिडन यानं कॉफीत साखर घातली, थोडी आयरिश व्हिस्की ओतली आणि वर क्रीमचा थर सोडला. ‘ही ब्राझीलची कॉफी का?’ असं एका प्रवाशानं विचारलं, तेव्हा शेरिडन म्हणाला, ‘नाही, ही आयरिश कॉफी.’ अशी कथा सांगतात.

आता हे पेय घरी करतात कसं, ते पाहू. जाड काचेचा पेला गरम पाण्यानं विसळून घ्यायचा. त्यात सुमारे १२० मिलिलिटर कडक, गरम, बिनदुधाची कॉफी ओतायची आणि एक-दोन चमचे साखर पूर्ण विरघळवायची. मग व्हिस्की, ठरलेलं माप ५० मिलिलिटर, पण ३० नंही भागतं. व्हिस्की चुलीवर कधीच तापवू नये. मद्यार्क ७८ अंशांनाच उकळतो आणि त्याची वाफ पेट घेते. शेवटी गार क्रीम किंचित फेटून, चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडायचं. ढवळायचं मात्र नाही. गारव्यातून गरम कॉफी ओठांशी यावी, यातच सगळी गंमत आहे.

हे क्रीम तरंगतं कसं? तर साखरेमुळे. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे व्हिस्की घातलेली कॉफी हलकी होते आणि क्रीम तिच्यात बुडू पाहतं. साखर कॉफीला पुन्हा जड करते. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत हे पेय करून पाहिलं, तेव्हा क्रीम तळाशी जाऊन बसे. दोन दिवस ठेवलेलं क्रीम नेमकं फेटल्यावर ते तरंगू लागलं. आपल्याकडची दुधावरची साय इथे चालत नाही. तिच्या गुठळ्या होतात. पस्तीस टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं, फेटता येणारं क्रीम हवं.

शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला या पेल्यात आणखी एक गंमत दिसते. ‘व्हिस्की’ हा शब्द आयरिश भाषेतल्या ‘इश्का बाहा’वरून आला. त्याचा अर्थ जीवनाचं पाणी, म्हणजे आपल्या उर्दूतलं ‘आब-ए-हयात’. उलट ‘कॉफी’चं मूळ अरबी ‘कहवा’, आणि हा कहवा शब्द जुन्या अरबीत मद्यासाठी वापरला जाई! म्हणजे पेल्यात एकत्र येण्याच्या कितीतरी आधी कॉफी आणि मद्य एका शब्दात एकत्र नांदले होते.

पण ज्यासाठी हा खटाटोप, ती ऊब खरी किती? मद्यानं त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उबदार रक्त अंगाच्या कातडीपाशी येतं आणि आपल्याला ऊब वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर निघून जात असते. शेकोटीची लाकडं अंगणात नेऊन जाळावीत आणि घर गारठावं, तसं हे आहे. उबदार खोलीत ते खपून जाईल. पण हा पेला पिऊन उघड्या थंडीत जाणं धोक्याचं. दुसरा चकवा कॉफीचा. ती झोप उडवते, नशा उतरवत नाही. माणसाला आपण शुद्धीवर आहोत असं वाटतं आणि तो गाडीची किल्ली उचलतो. २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कॅफिन मिसळलेली मद्यपेयं विकणाऱ्या कंपन्यांना याच कारणासाठी ताकीद दिली होती. ज्यांना हे पेय घ्यायचंच आहे, त्यांनी एका पेल्यावर थांबावं आणि त्या रात्री घरातच राहावं.

मी मद्य घेत नाही. आमच्या घरात ते चालतही नाही. म्हणून काही कॉफी अडून राहत नाही. व्हिस्की वगळली की कॉफी जडच राहते, त्यामुळे क्रीम उलट अधिक सहज तरंगतं. मराठी घरात कॉफीत जायफळ उगाळून घालायची रीत आहेच. तेच चिमूटभर क्रीमवर किसून टाका. फॉइन्सच्या त्या रात्री प्रवाशांच्या अंगात खरी ऊब आली ती गरम पाण्याची, साखरेची आणि डोक्यावरच्या छपराची. शिवाय अवेळी आलेल्या परक्या माणसांसाठी कुणीतरी चूल पुन्हा पेटवली होती. यातली एकही गोष्ट बाटलीतून यावी लागत नाही.