मंद आचेची परीक्षा

फराळाच्या आठवड्यात शेगडीचे सगळे गुणदोष उघडे पडतात. चकलीला मध्यम आच लागते. तेल कमी तापले तर ती तेल पिते, जास्त तापले तर वरून लाल होऊन आतून मऊ राहते. शंकरपाळ्यांना आच त्याहून कमी हवी, कारण पिठातली साखर लवकर काळवंडते. अनारसा तुपात एकाच बाजूने, वर जाळी पडेपर्यंत, सावकाश तळायचा. आच जरा वाढली की त्याचा तळ करपतो. चिवड्याचे पातळ पोहे तर अगदी बारीक गॅसवर परतावे लागतात. एकाच ओट्यावर, एकाच दिवशी इतक्या तऱ्हेची आच हवी असते. आणि नवी शेगडी घ्यायला दुकानात गेल्यावर आपण काय पाहतो? काचेचा रंग, बर्नर किती, आणि सगळ्यांत मोठी ज्योत केवढी.

पहिला प्रश्न नेमका उलटा हवा, असे माझे मत आहे. या शेगडीची सगळ्यांत लहान ज्योत केवढी, आणि ती न विझता स्थिर राहते का? उकळी आणण्याचे काम कुठलीही शेगडी करते. वरणाला मुरवणे, बासुंदी आटवणे, झाकण ठेवून भाताला वाफ देणे ही कामे मंद आचेची आहेत आणि आपला स्वयंपाक मुख्यतः तिच्यावरच उभा आहे.

आपल्या जुन्या चुलीला हे माहीत होते. मुख्य चुलीच्या कडेला तिच्याच जाळावर चालणारे दुसरे तोंड असे, त्याला वैल म्हणत; कोकणात वायन. चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी किंवा दूध, अशी मोठी आणि मंद आच एकाच सरपणात मिळे. पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर भाकरी टेकवून शेकायची, राखेत वांगे पुरायचे. पण त्या चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या छातीत जाणाऱ्या धुराचा हिशेब कुणी ठेवला नाही. १९८० च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून निर्धूर चुली आल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शेतातल्या पाचटापासून कोळसा आणि मूठभर कोळशावर सगळा स्वयंपाक वाफवणारा सराई कुकर लोकांपुढे आणला. चुलीवरच्या जेवणाचे कौतुक करताना या कामाचीही आठवण ठेवायला हवी.

शहरात चुलीची जागा रॉकेलच्या स्टोव्हने घेतली. प्रायमस स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी बनवला आणि पुढे चाळीचाळीतून त्याचा आवाज घुमला. स्पिरिटचा काकडा पेटवून बर्नर तापवायचा, हवा भरायची, मध्येच पिन मारायची. ज्योत जोरकस होती, पण बारीक होत नसे. मंद आचेसाठी वातीचा स्टोव्ह वेगळा ठेवावा लागे. म्हणजे चूल आणि वैल ही जोडी तिथेही होतीच, फक्त दोन वेगळ्या वस्तूंत.

सिलिंडरचा गॅस १९५० च्या दशकात मुंबईत बर्मा शेलने आणला आणि १९६५ मध्ये इंडेनची पहिली जोडणी कोलकात्यात दिली गेली. गॅसची थोरवी अशी की एका नॉबमध्ये मोठी आणि बारीक अशी दोन्ही आच आली. ज्योत डोळ्यांना दिसते, त्यामुळे हात आपोआप शिकतो. भांडे कुठलेही चालते: गोल बुडाची लोखंडी कढई, पितळी पातेले, ॲल्युमिनियमचे डेचके, फोडणीची पळी. वांगे थेट ज्योतीवर भाजता येते, पापड भाजता येतो, फुलका आणि भाकरी फुगवता येते.

या गॅसच्या शेगडीचे आता तीन अवतार बाजारात आहेत. एक साधी, ओट्यावर ठेवायची, स्टीलची किंवा काचेची. दुसरा हॉब, म्हणजे ओट्याच्या ग्रॅनाइटला खाच पाडून आत बसवलेला. आणि तिसरा हॉबटॉप, जो दिसतो हॉबसारखा पण पायांवर उभा असतो. ज्योत तिन्हींची सारखीच असते. फरक आहे तो साफसफाई, हवा आणि दुरुस्ती यांत.

हॉबबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नव्या घरात तो आता जवळजवळ गृहीत धरला जातो. ओटा सपाट दिसतो, पातेले खाली राहिल्यामुळे ढवळताना खांदा उचलावा लागत नाही, हे खरे सुख आहे. चांगल्या हॉबमध्ये ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. बर्नरशेजारच्या लहानशा सळईला ज्योतीची ऊब मिळते तोवरच व्हॉल्व्ह उघडा राहतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर काही क्षणांत गॅस थांबतो. घरात विसरभोळी वयस्क माणसे असतील तर या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजावेत. काचेच्या चकाकीसाठी मात्र मोजू नयेत.

अडचणी अशा. बर्नरला ज्योतीसाठी लागणारी हवा पुष्कळदा खालून येते. हॉबखाली घट्ट बंद ड्रॉवर असेल तर ज्योत पिवळी पडते, कधी ड्रॉवर जोरात लावताना बारीक ज्योत विझतेसुद्धा. कपाटाला हवेसाठी जाळी ठेवायला सुताराला आधीच सांगावे. साधी शेगडी उचलून खालचा ओटा रोज पुसता येतो; हॉबच्या पोटात सांडलेले काढायला माणूस बोलवावा लागतो. साठ सेंटिमीटरच्या हॉबवर चार बर्नर असले तरी मोठी कढई आणि पाच लिटरचा कुकर शेजारी मावत नाहीत, म्हणून मोठ्या स्वयंपाकाच्या दिवशी चारातले दोनच कामाला येतात. दुकानात जाताना आपली सगळ्यांत मोठी कढई आणि कुकर यांचे माप घेऊन जावे. तीन बर्नर, पण ऐसपैस, हे मला चार दाटीवाटीच्या बर्नरपेक्षा केव्हाही बरे वाटते.

काच टफन्ड असली तरी तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: कडेवर बसलेला घाव आणि तापलेली असताना अचानक पडलेले थंड पाणी. फुटते तेव्हा तिचा एकदम चुरा होतो. रोज दोन्ही वेळ भाकरी-भाजी होणाऱ्या घराला मी स्टीलचा पत्रा आणि पितळी बर्नर सुचवीन.

सिलिंडर आणि पाइपचा गॅस यांतला फरकही शेगडी घेताना कामाचा. मुंबई आणि पुण्यात आता पुष्कळ घरांत नळीने नैसर्गिक वायू येतो. तो कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असते, म्हणून त्याला जेटचे भोक मोठे लागते. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरगळलेली दिसते. उलट केले तर ती भडकते आणि भांड्यांना काजळी धरते. जेट बदलण्याचे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर जमिनीलगत साठतो, पाइपचा हलका असल्याने छताकडे जातो. सिलिंडरच्या कपाटाला जाळी तळाशी हवी ती यासाठी. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘ए’ ते ‘डी’ यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, याप्रमाणे त्या तिमाहीअखेर सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी असते. ती तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नये.

आता इंडक्शन. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते हे दाखवले. त्याच तत्त्वावर ही शेगडी चालते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज वाहते, तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच विजेचे भोवरे उठतात आणि बूड स्वतः तापते. काच तापते ती भांड्यामुळे. मधली हवा तापवण्यात काही जात नाही, म्हणून दिलेल्या विजेपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास उष्णता अन्नाला मिळते. गॅसच्या शेगडीसाठी भारतीय मानक किमान ६८ टक्के कार्यक्षमता मागते, आणि तीही प्रयोगशाळेतल्या नेमक्या भांड्यावर मोजलेली. घरी लहान पातेल्याच्या कडेने वर जाणारी ज्योत तो आकडा आणखी खाली आणते.

इंडक्शनवर दूध, चहा, कुकर, भात, उकडीचे मोदक उत्तम होतात. टायमर लावून निघून जाता येते. उन्हाळ्यात ओट्याशी उभे राहणे सुसह्य होते. ज्योत नसल्यामुळे जळणाऱ्या गॅसचे वायू घरात साठत नाहीत. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो दमेकऱ्यांना त्रास देतो, हे पुरेसे सांगितले जात नाही. फोडणीचा धूर मात्र इंडक्शनवरही होतोच, खिडकी उघडी हवीच.

पण भांडी बदलावी लागतात. बुडाला चुंबक चिकटला तर भांडे चालेल, नाहीतर नाही. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम बाद. स्टीलची पुष्कळशी साधी पातेलीही बाद. गोल बुडाची कढई काचेला जेमतेम टेकते. फोडणीची पळी इतकी लहान की शेगडीला ती जाणवतच नाही. आणि भाकरीचे दुःख मोठे आहे. सुट्या इंडक्शनचे वेटोळे लहान असते, त्यामुळे मोठ्या तव्याचा मध्य तापतो आणि कडा थंड राहतात. भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते. ती फुगवायला ज्योतही नसते. वांग्याच्या भरताचे तेच.

मंद आचेचा मुद्दा इथे पुन्हा येतो. स्वस्त इंडक्शनवर तीनशे वॅट हा आकडा दिसतो, पण आतून ते बहुधा हजारेक वॅटने काही सेकंद चालते आणि मग काही सेकंद थांबते. सरासरी तीनशेची. बासुंदी अशी आटत नाही; ती खदखदते, थांबते, पुन्हा खदखदते आणि तळाशी लागते. घेण्याआधी दुकानात पातेल्यात पाणी तापवून सगळ्यांत खालच्या आकड्यावर ठेवायला सांगा. बुडबुडे सलग येत राहिले तर यंत्र चांगले.

विजेवरच्याच इन्फ्रारेड शेगडीवर कुठल्याही धातूचे सपाट भांडे चालते, एवढा तिचा फायदा. ती तापायला वेळ घेते, बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, आणि कार्यक्षमतेत इंडक्शनच्या मागे आहे. परदेशातल्या भाड्याच्या घरांत मराठी मंडळींच्या वाट्याला पुष्कळदा हीच किंवा विजेच्या कॉइलची शेगडी येते आणि तिच्यावर जाळी ठेवून फुलके शेकले जातात. निवड हातात असेल तर इकडे ती घेण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब घरीच मांडता येतो. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. दोन्ही शेगड्यांची कार्यक्षमता धरली तर एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर सव्वाशे ते दीडशे युनिटमध्ये होते. या युनिटांना विजेचा दर लावताना मात्र बिलाचा सरासरी दर धरू नका. आपल्याकडे वापर वाढला की पुढच्या टप्प्याचा दर चढा असतो, आणि स्वयंपाकाची युनिटे आधीच्या वापरावर येऊन बसतात. महिन्याला शंभराच्या आत युनिटे असणाऱ्या घराचे उत्तर वेगळे येईल, वातानुकूलन यंत्र चालवणाऱ्या घराचे वेगळे, आणि छतावर सौर पॅनेल असणाऱ्या घराला इंडक्शन स्वस्तच पडेल. देशाला लागणाऱ्या सिलिंडरच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो, म्हणून गॅसचे दर आपल्या हातात नसतात, हेही या हिशेबात धरावे.

चार माणसांच्या, रोज भाकरी-पोळी होणाऱ्या घराला मी दोन किंवा तीन बर्नरची चांगली गॅस शेगडी आणि जोडीला एक सुटे इंडक्शन सुचवीन. वीज गेली तरी चूल पेटते आणि सिलिंडर संपला तरी भात होतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी उलट क्रम, आधी इंडक्शन. मात्र कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर चालू इंडक्शनपासून दोन फूट अंतर ठेवावे आणि डॉक्टरांना विचारावे. दोन हजार वॅटचे इंडक्शन जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढते, म्हणून त्याला सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. जुन्या इमारतीत तारा तेवढ्या जाड आहेत का, हे वायरमनकडून आधी पाहून घ्यावे. इंडक्शन गॅसच्या बर्नरला खेटून ठेवू नये, कारण त्याचा पंखा खालून हवा ओढतो आणि शेजारची गरम हवा व तेलाची वाफ आत गेली की आतले भाग लवकर खराब होतात. मध्ये हातभर जागा सोडावी, आणि तेवढी जागा ओट्यावर नसेल तर इंडक्शनसाठी भिंतीलगत वेगळी फळी करून घ्यावी.