मिरी घेताना लिटरचे वजन पाहा

काळी, पांढरी आणि हिरवी मिरी एकाच वेलीची फळे आहेत. कच्ची फळे उन्हात वाळवली की काळी मिरी होते. पिकलेली फळे पाण्यात भिजवून साल काढली की पांढरी. आपले किराणा दुकानदार व खानावळवाले बंधू मात्र नुसता भाव ऐकून माल उचलतात आणि तेथेच नुकसान होते.

'तेल्लिचेरी' म्हणजे चाळणीने निवडलेला टपोरा दाणा. तो महाग असतो. पण दाणा मोठा म्हणून तिखटपणा जास्त, असे नव्हे. रोजच्या मसाल्यासाठी भरीव मध्यम दाणा पुरतो.

आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. लिटरचे माप मिरीने भरून तोला. ठोक बाजारात 500 आणि 550 ग्रॅमच्या प्रती चालतात. वजन 500 च्या बरेच खाली गेले, तर पोचट दाणे जास्त आहेत असे समजा आणि भरीव मालाचा भाव देऊ नका. मूठभर मिरी पाण्यातही टाकून पाहा. भरीव दाणा तळाशी बसतो. पोचट दाणे व भेसळीचे पपईचे बी तरंगते.

स्वयंपाकात यखनी-पुलावाला अख्खी मिरी घाला. पांढऱ्या रश्शाला पांढरी मिरी बरी, काळे ठिपके दिसत नाहीत. कुटलेली मिरी भांडे उतरवताना टाका, कारण तिचे सुगंधी तेल उडून जाते. म्हणूनच दुकानातही थोडीच दळून ठेवा. दरवेळी ताजा वास मिळाला, की गिऱ्हाईक भावासाठी दुसरे दुकान शोधत नाही.