कनवटीचा खुर्दा



नाण्यांविषयी मी बोलणार आहे ही बातमी वरसे गावात पसरली आणि दोन दिवसांत चार घरांतून मला बोलावणी आली. कुणी देव्हाऱ्यातल्या डबीतून, कुणी मसाल्याच्या जुन्या डब्यातून नाणी काढून पुढे ठेवली. प्रश्न मात्र सगळीकडे एकच, "याचे किती येतील?" या प्रश्नाला मी उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी आपण नुसते नाण्याकडे पाहू. बाजारात भाजीवाली मोड परत देते, एस. टी.चा कंडक्टर तिकिटाबरोबर दोन नाणी हातावर ठेवतो. ती आपण न बघताच खिशात टाकतो. माझे म्हणणे एवढेच, की टाकण्यापूर्वी एकदा बघावे.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी ती ही, की चांदीचे नाणे खुर्द्यात सापडत नाही. याला कारण आहे. एकाच किमतीची दोन नाणी बाजारात असली, एक चांदीचे आणि एक हलक्या धातूचे, तर माणूस हलके नाणे दुकानदाराला देतो आणि चांदीचे घरी ठेवतो. अर्थशास्त्रात याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात. आपल्या आज्यांना तो नाव न कळताच ठाऊक होता. १९३९ सालापर्यंतचा रुपया एक तोळा वजनाचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून महायुद्धाच्या ओढीत चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा निघाला. जुने रुपये लगोलग कनवटीहून पेटीत आणि पेटीतून सोनाराच्या मुशीत गेले. १९३९ साल कोरलेला रुपया तर आज फारच दुर्मिळ झाला आहे.

तरीही रुपयाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या चित्राचा नवा रुपया निघाला. बादशहाच्या अंगावरच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी होती आणि तिच्यात एक हत्ती कोरलेला होता. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड आणि पाय इतके ठेंगणे काढले, की लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागला. मुसलमान बंधूंनाही ते रुचेना आणि हिंदूंनाही. सरकारने ते रुपये वाटायचे थांबवले, टांकसाळीत शिल्लक होते ते वितळवले आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीला स्पष्ट दिसेल अशी सोंड दिली. साऱ्या साम्राज्याचा कारभार अर्ध्या बोटाच्या सोंडेपाशी अडला! कुणाच्या घरी १९११ चा रुपया असेल तर भिंग लावून तो झगा अवश्य पाहावा.

आता तांब्याकडे वळू. आपण रायगडाच्या पायथ्याच्या मुलखातले लोक. तेव्हा शिवराई कुणी पाहिली नाही असे घर विरळा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. शिवराई हाती आली की घरातले वडील माणूस ती कपाळाला लावते, आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली, ही समजूत मात्र बरोबर नाही. महाराजांच्या मागेही शंभर-दीडशे वर्षे त्यांचेच नाव घेऊन शिवराया पडत राहिल्या. पेशवाईच्या काळातली दुदांडी शिवराई त्यांतलीच, तिच्यावर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा दिसतात. म्हणजे राजा गेला, गादी बदलली, पण बाजाराचा विश्वास त्या नावावर राहिला. मला स्वतःला हे नाण्याच्या वयापेक्षा मोठे वाटते. सोन्याचा होन मात्र अगदी मोजका उरला आहे. तो कुणी स्वस्तात देऊ लागला तर पाऊल मागे घ्यावे.

शेतात नांगराला किंवा पाया खणताना कुदळीला मडके लागले, तर ते गुपचूप घरी नेऊ नये. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. जमिनीत दडवलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला तर कलेक्टरांना कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ते परदेशी धाडता येत नाही.

आता खिशातल्या खुर्द्याकडे येतो. चार आणे, आठ आणे हे शब्द आपल्या तोंडात अजून आहेत. चवली, पावली, अधेली हे म्हातारी माणसेच बोलतात. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै, हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी मोडला आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. या बदलाचा कायदा १९५५ साली संमत झाला तेव्हा अर्थमंत्री कोण होते? आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख. महाडजवळ नाते गावी जन्मलेले, रोह्यात लहानाचे मोठे झालेले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले. कुंडलिकेच्या काठच्या घरातल्या माणसाच्या कारकिर्दीत साऱ्या देशाचा आणा इतिहासजमा करणारा कायदा झाला, याची आठवण रोहेकरांनी ठेवावी. गोंधळ मात्र पुष्कळ झाला. आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस आणि चार आण्यांना पंचवीस असा तक्ता ठरला. एकेक आणा सुटा मोजला तर सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात! उरलेल्या चार पैशांवरून दुकानाच्या फळीवर भांडणे झाली नसती तरच नवल. 'नवा' हा शब्द १ जून १९६४ पासून नाण्यावरून गेला. पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली. पन्नास पैसे कायद्याने आजही चालतात, दुकानदार काहीही म्हणो.

मग आजच्या खुर्द्यात पाहायचे काय? साल पाहावे आणि सालाखालची खूण पाहावी. सालाखाली चौकट हिरा असेल तर नाणे मुंबईचे, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे, गोल टिंब असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. ही एवढी ओळख झाली की एस. टी.च्या थांब्यावरचा वेळ बरा जातो. १९९७ नंतरची काही वर्षे देशात मोड इतकी कमी पडली, की सरकारने परदेशांतून नाणी पाडून आणली. १९९८ च्या एखाद्या रुपयावर एम आणि के ही दोन इंग्रजी अक्षरे दिसतील. तो स्लोव्हाकियातल्या क्रेम्निका गावी पडलेला. त्या टांकसाळीचा इतिहास १३२८ सालापासून सुरू होतो. असा रुपया आपल्याकडे शेंगदाण्याच्या पुडीला गेला असेल!

स्मरणार्थ काढलेली नाणीही खुर्द्यात फिरतात: १९९० चा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच साली निघालेले शिवछत्रपतींचे अकरा कोनांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्यांचे पाच रुपये. लहान मुलांना संग्रहाची गोडी लावायला एवढे भांडवल पुरते. दहा रुपयांच्या नाण्याविषयी बाजारात मध्यंतरी अफवा उठली होती की पंधरा रेघांचे नाणे खोटे आणि दहा रेघांचे खरे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये खुलासा केला की तोवर निघालेले चौदाही प्रकार खरेच आहेत. नाण्याकडे नीट पाहणाऱ्याला या अफवेचे हसूच आले असते.

नाणे सापडले तर पहिली चूक होते ती घासण्याची. एका घरी मला शिवराई दाखवली. ती सोन्यासारखी लखलखत होती. आजींनी चिंच आणि राख लावून दिवाळीला घासली होती. तांब्यावर वर्षानुवर्षे जो काळपट-हिरवट थर बसतो तो बहुधा नाण्याचे रक्षण करतो. चिंचेचा आंबटपणा त्या थराबरोबर अक्षरांच्या कडाही खातो. 'छत्र' उरले होते, 'पति' गेला होता. आजींना हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. नाणे कडेने धरावे, फार तर साध्या पाण्यात बुडवून टिपून घ्यावे आणि कागदाच्या पाकिटात ठेवावे.

आता तो पहिला प्रश्न, किती येतील? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मोबाइलवरची जाहिरात वाचली. वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, असे तीत होते. नाणे त्यांच्याकडे होते. २०१२ सालची ती नाणी पुष्कळांकडे आहेत. समोरच्या माणसाने आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग कराचे, मग पाठवणीचे. गौरी-गणपतीसाठी साठवलेले सगळे गेले. नाणे अजून त्यांच्याच डबीत आहे आणि त्याची किंमत पाच रुपये आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली, की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा दलाली घेत नाही आणि आपल्या नावाने तसे करण्याची परवानगी तिने कुणालाही दिलेली नाही. विकत घेणाराच आधी पैसे मागतो, तेव्हा तो घेणारा नव्हेच, एवढे ओळखावे. नाण्याची खरी किंमत चार गोष्टींवर ठरते: ते किती उरले आहे, कोणत्या टांकसाळीचे आहे, अक्षरे किती शाबूत आहेत, आणि ते कुणाला हवे आहे. नुसत्या जुनेपणाला मोल नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय आहे, ते एकदा पाहून यावे. आपल्या डबीतले नाणे तिथल्या कपाटातल्या नाण्याशेजारी मनातल्या मनात ठेवून बघता येते. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्थाही आहे. आणि ज्यांना इतक्या लांब जायचे नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर खिसा रिकामा करावा आणि सालाखालचे टिंब शोधावे. चष्मा मात्र विसरू नये.